पालिकेचे तीन कंदील

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्यातला, हे आठवायला बसलो तर सकाळची दुपार होते. पण तीन कंदिलांचं ते प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आठवतं. त्यात कोणी मेलं नाही, कोणाचं डोकं फुटलं नाही, मुद्देमाल तर चोरानंच परत आणून दिला. तरीही माझी मती त्या प्रकरणात जेवढी गुंग झाली, तेवढी एकाही खुनात झाली नाही. त्यातली काही माणसं हयात असतील, मुलं-नातवंडं तर नक्कीच आहेत, म्हणून नाव कोणाचंच घेत नाही. गावाचंही नाही.

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात आलं होतं आणि साताऱ्याकडची आम्ही काही मंडळी तिकडे बदलून गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. सरकी काढायचे दोन जिनिंग कारखाने, आठवड्याचा बाजार, दिग्रसला आणि पुसदला जाणाऱ्या एसटी गाड्या, एक पोलीस ठाणं आणि एक नगरपालिका. आमच्याकडे ज्याला फौजदार म्हणतात त्याला तिकडे ठाणेदार म्हणत. तो मी. ठाण्यात माझ्या हाताखाली गावातलेच एक मुसलमान जमादार होते. वयानं माझ्याहून मोठे, दाढी पांढरी, आणि गावातलं प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडतं हे त्यांना ठाऊक. पण या प्रकरणात तेही माझ्याइतकेच चक्रावले, हे आधीच सांगून ठेवतो.

पालिका गावाएवढीच लहान होती, पण भांडायला पुरेशी मोठी होती. अध्यक्ष कापसाचे अडते. विरोधी पक्षाचे म्होरके एक वकील. अध्यक्षांनी नाली बांधायची म्हटली की वकील ती पलीकडच्या बाजूनं न्या म्हणत, आणि पलीकडून ठरली की अध्यक्षांना अलीकडची बाजू आठवे. मधल्या मधे लोक चिखलातून चालत. त्या सभागृहात एकमतानं मंजूर झालेला ठराव मला वाटतं एकच होता. गावाच्या कडेला जिनिंगच्या भिंतीमागे नाल्यापर्यंत पसरलेली एक पडीक जागा होती. तिथे काळोख असतो, सापकिरडू निघतं, म्हणून पालिकेनं तिथे तीन दिवे लावावेत, असा तो ठराव. वीज तोवर गावात आली नव्हती. पालिकेचे दिवे म्हणजे लाकडी खांब, खांबाला लोखंडी आकडा आणि आकड्याला टांगलेला कंदील. दिवेलागणीला पालिकेचा बत्तीवाला खांद्यावर शिडी घेऊन निघे आणि एकेक कंदील पुसून पेटवत गावभर फिरे.

दिवाळीत त्या तीन दिव्यांचा समारंभ झाला. अध्यक्षांनी भाषण केलं, वकिलांनी टाळ्या वाजवल्या. पुढे काही महिने दिवे सुखानं जळले. मग शिमग्याच्या आधी एका सकाळी अध्यक्ष स्वतः ठाण्यात आले. तिन्ही कंदील चोरीला गेले होते.

फिर्याद घेतली, जागेचा पंचनामा केला. खांब शाबूत, आकडे शाबूत, फक्त कंदील नाहीत. दिवे लावून बत्तीवाला पुढच्या गल्लीत जातो न जातो तोच ते गेले असावेत, कारण जिनिंगचा भोंगा झाल्यावर घरी निघालेल्या मजुरांना तिथे अंधारच दिसला होता. मी आजूबाजूच्या ठाण्यांना कळवायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी पालिकेचा चपराशी धापा टाकत आला. तिन्ही कंदील पालिकेच्या ओसरीवर ठेवलेले सापडले होते. काचा राखेनं घासून लख्ख केलेल्या, आत घासलेट तसंच.

आमचे मुन्शी लेखणी कानाला लावून माझ्याकडे पाहत बसले. म्हणाले, "साहेब, हे चोरी म्हणून लिहू का देणगी म्हणून?"

मी त्यांना गप्प केलं. कंदील पुन्हा टांगले. पुन्हा गेले. पुन्हा घासूनपुसून ओसरीवर आले. कधी तीन जात, कधी दोनच. एकदा तर परत आलेल्या कंदिलाची तडकलेली काच बदलून नवी घातलेली होती. चोरीच्या कलमात लबाडीचा हेतू लागतो. इथे हेतूच सापडेना. चोर पालिकेपेक्षा कंदिलांची निगा जास्त राखत होता. मी रात्रंदिवस विचार करून थकलो आणि जमादारांवर चिडचिड करू लागलो.

गावाला मात्र उत्तर मिळालं होतं, आणि ते एक नव्हतं, दोन होती. अध्यक्षांच्या मते हे वकिलांच्या माणसांचं काम. लवकरच अविश्वासाचा ठराव यायचा होता, त्याआधी अध्यक्षांची फजिती करायची होती. वकिलांच्या मते अध्यक्षांनीच आपले कंदील आपल्या माणसांकडून पळवले, विरोधकांना बदनाम करायला. दोघांकडे साक्षीदार तयार होते, आणि दोघांचेही साक्षीदार खोलात विचारलं की त्या संध्याकाळी बाहेरगावी होते असं निघे. राजकारणी माणसाचा साक्षीदार नेहमी घटना घडल्यानंतर तिथे पोचतो, हे मी तिथे शिकलो.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं जमलं. खांब उंच, त्यामुळे शिडी लागणार, आणि शिडी फक्त बत्तीवाल्याकडे. पालिकेनं त्याला कामावरून थांबवलं आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्याला काढून टाकायचा ठराव ठेवला.

या बत्तीवाल्याबद्दल थोडं सांगायला हवं. पंचविशीतला पोरगा. नाल्याच्या अलीकडे जी वस्ती होती, तिथल्या घरांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मेलेली जनावरं ओढायचं काम वस्तीनं बंद केलं होतं, आणि त्यावरून गावात धुसफूस चालू होतीच. तोवर पालिकेनं त्या वस्तीतल्या माणसाच्या हातात फक्त झाडू दिला होता. हा सातवी शिकलेला, त्याला शिडी मिळाली. तो संध्याकाळी शिडी खांद्यावर घेऊन निघाला की वस्तीतली म्हातारी माणसं दारात येऊन पाहत, असं जमादारांनी मला सांगितलं. आता सभेत ठराव झाला की ती शिडी जाणार होती, आणि जाताना चोर हे नाव मागे ठेवून जाणार होती. काही सभासद तर उघड म्हणू लागले होते की त्या वस्तीतल्याला घेतलं तेव्हाच हे व्हायचं होतं.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. पोलीस तपास म्हणजे आधी दोन थपडा, असा लोकांचा समज असतो. माझी पद्धत उलटी, आधी चहा. हात उगारला की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि आपल्याला हवं ते बहुधा चुकीचं असतं. तो चहा न पिता समोर उभा राहिला. मी विचारलं, कंदील तू काढलेस का. नाही म्हणाला. कोणी काढले हे ठाऊक आहे का.

"माहीत हाये, साहेब."

मी खुर्चीत सरसावून बसलो. मग सांग म्हटलं.

"सांगणार नाई."

"काहून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"सांगन्यासारखं नाई थे."

मी त्याला समजावलं, दरडावलं, सभेची आठवण दिली, घरी कोण कोण आहे ते विचारलं. घरी आई होती. तुझी नोकरी जाईल, वस्तीला बट्टा लागेल, म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, "जाईन तं जाईन, साहेब. माया तोंडून थे नाव निंगणार नाई."

खोटं बोलणारे आरोपी मी खूप पाहिले होते. खोटं माणसाच्या नजरेत, घशात, हातांच्या बोटांत कुठेतरी दिसतं. या पोरात ते कुठेच दिसत नव्हतं. खरं ठाऊक आहे असं कबूल करून तोंड बंद ठेवणारा माणूस मला नवीन होता. तो कोणाला भितो, हे मला कळेना. अध्यक्षांना म्हणावं तर त्यांच्या समोरही त्यानं हेच सांगितलं होतं. वकिलांना म्हणावं तर त्यांनी त्याला सांगून टाक म्हणून आमिष दाखवलं होतं. मी त्याला घरी जाऊ दिलं आणि डोकं धरून बसलो.

मग खबर आली. चौकातल्या पानवाल्यानं जमादारांच्या कानात सांगितलं की बाजाराच्या संध्याकाळी वकिलांची माणसं कंदील उडवणार. पानवाल्याची खबर म्हणजे चुना जास्त आणि कात कमी, पण हातात दुसरं काही नव्हतं. मी, जमादार आणि दोन शिपाई, साध्या कपड्यांत जिनिंगच्या भिंतीच्या कोपऱ्याशी दबा धरून बसलो. तिथून तिन्ही खांब नीट दिसत. दिवेलागणीला चपराशी आला, बत्तीवाल्याच्या घरून मागून आणलेली शिडी लावून कंदील पेटवून गेला. जिनिंगचा भोंगा व्हायला अजून वेळ होता. मैदान मोकळं, शेजारच्या शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झालेल्या, नजर अडेल असं एक झुडूप नाही. कुत्रं आलं असतं तरी दिसलं असतं.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं बायकांचा एक घोळका येताना दिसला. गावातली रीत अशी की बायका त्या वेळेला तिकडून जाताना दिसल्या की पुरुषानं खाकरायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. आमच्याकडेही हीच रीत, त्यामुळे कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. जमादार खाकरले, आम्ही चौघेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर चुना बराच उडालेला होता, तो मी पाहत राहिलो. बायकांच्या बोलण्याचा आवाज दूर गेला, तसे आम्ही वळलो.

तिन्ही खांबांवर अंधार होता.

आम्ही धावलो. एक शिपाई नाल्याकडे, एक रस्त्याकडे. जमादार खांबाखाली जाऊन उगाच वर पाहत राहिले. नाल्याकडे गेलेला शिपाई त्या बायकांच्या बाजूनं पळत गेला आणि पळत परत आला. कोणी नव्हतं. शिडी नव्हती. चार पोलिसांच्या पाठीमागे तीन कंदील गेले होते. भानामती वगैरेवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी कोणी अंगारा दिला असता तर मी लावून घेतला असता.

ठाण्यात येऊन मुन्शींना रोजनामचा लिहायला सांगितला. रोजनामचा म्हणजे ठाण्याची दैनंदिन नोंद, त्यात जे घडलं ते तेव्हाच लिहायचं असतं. मी सांगत गेलो: दबा धरून बसलो, दिवे पेटवलेले पाहिले, सदर वेळी घटनास्थळी कोणीही आले अथवा गेले नाही.

जमादार दारात उभे होते. हळूच म्हणाले, "साब, बायका आल्या होत्या ना."

"त्या सोडा हो," मी वैतागून म्हणालो.

"सोडल्याच ना साब," ते म्हणाले. "आपण चौघांनीही सोडल्या. त्यांना कोण गिनतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहू लागले. बोलताना त्यांच्या मनात काही नसावं, पण बोलून झाल्यावर त्यांचाही चेहरा बदलला. मी मुन्शींना म्हणालो, शेवटचं वाक्य खोडा. मुन्शी म्हणाले, रोजनामच्यात खाडाखोड चालत नाही, नवी नोंद घ्यावी लागेल. मग नवी नोंद घेतली.

तेव्हा मला आठवलं. घोळक्यातल्या एका म्हातारीच्या हातात लांबलचक बांबू होता. मी त्याला टेकायची काठी समजलो होतो, पण टेकायची काठी माणसाच्या दुप्पट उंच नसते. ती आकडी होती. शेळ्या पाळणाऱ्या बायका बाभळीच्या शेंगा पाडायला बांबूच्या टोकाला वाकडं पातं बांधतात, ती. तिनं फांदी खाली ओढता येते, तसा आकड्यावरचा कंदीलही अलगद उचलून खाली घेता येतो. शिडीची गरजच नव्हती. पण चोर सापडल्याचा आनंद मला फार वेळ झाला नाही. उलट गोंधळ वाढला. गोरगरीब बायका पालिकेचे कंदील कशाला नेतील, आणि नेले तर घासून परत कशाला देतील? वकिलांनी त्यांना पैसे दिले म्हणावं, तर काच कोण बदलून देईल?

सकाळी हजेरी आटोपून जमादारांना घेऊन मी वस्तीत गेलो. बत्तीवाल्याच्या दाराशी शेळी बांधलेली होती आणि भिंतीला आकडी टेकलेली होती. पोरगा घरात नव्हता. त्याची आई बाहेर आली, तिनं मला पाहिलं, मग आकडीकडे पाहिलं, आणि मी काही विचारायच्या आत बोलली, "मीच काढले, साहेब. मले घेऊन चाला. माया पोराची शिडी नोका घेऊ."

एकटीनं काढले का, विचारलं. ती शेळीकडे वळली. का काढले, विचारलं. तिनं पदर पुढे ओढला. जमादार लिंबाच्या झाडाकडे पाहू लागले. मी पुन्हा विचारलं, जरा सौम्यपणे. तिला ते सांगणं फार जड जात होतं, हे मला दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "मले नोका इचारू बाप्पा. अध्यक्षाच्या मायले इचारा."

मला वाटलं ही माझी थट्टा करते आहे. गावातल्या सर्वांत मोठ्या घरची म्हातारी, सोवळ्याओवळ्याची, आणि ही नाल्याकाठच्या वस्तीतली. दोघींची विहीर वेगळी, देऊळ वेगळं. कुठे भेटणार या दोघी? पण ती थट्टा करण्यातली दिसत नव्हती, आणि दुसरी दिशाही नव्हती. मी अध्यक्षांच्या घरी गेलो.

अध्यक्ष बैठकीत सुपारी कातरत होते. तपासाच्या कामी मातोश्रींशी दोन शब्द बोलायचे आहेत, असं मी म्हणालो, तेव्हा अडकित्ता तसाच हातात राहिला. त्यांनी नाराजीनं आत निरोप दिला. म्हातारी आली, मधल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली. मला नीट न्याहाळून म्हणाली, "आलास का तू? मी म्हनत होती, हा ठाणेदार कवा येते."

मग ती मुलाकडे वळली. मी तिथे नाहीच अशा थाटात ती त्याच्याशी बोलली, आणि एक शब्दही चोरला नाही.

"कंदील आमीच काढून राह्यलो. त्या वस्तीतल्या बाया, तेल्याच्या, मोमीनपुऱ्यातल्या, आन् मी. पऱ्हाटी उभी होती तवर आमाले कायले पाह्यजे होते तुये कंदील काढाले? आडोसा होता. पऱ्हाटी उपटली, आडोसा गेला. राह्यली थेवढीच भिंतीमागची जागा, आन् नेमका थेथीच तू उजेड टांगला. दिवा दिसला का जिनिंगातले माणसं येऊन बसतेत, बिड्या फुकतेत. पोरीबाळीनं जावं कोठी? पोट धरून बसतेत घरात. तेल्याची सून बिमार पडली थ्यानं."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते पुटपुटले की घरात संडास बांधला आहे ना.

"थो तुमाले असू दे. ज्या घरात देव, थ्या घरात मी नाई जात. जलमभर बाहेर गेली, आता मरतावक्ती रीत बदलू काय?"

मग सांगितलं का नाहीस, त्यांनी विचारलं.

"काय सांगू? तुया मिटिंगीत हे बोलतेत काय?"

अध्यक्ष पुन्हा सुपारी कातरू लागले. कंदील परत का आणून ठेवत होतात, एवढंच मी विचारलं. म्हातारीला त्या प्रश्नाचा राग आला. "आमी चोर हाओत काय? पालिकेची वस्तू हाये. माया पोराची पालिका. घासून, टोपल्यात घालून, वरून गवऱ्या ठेवून पाळीपाळीनं नेऊन देत होतो." काचही तिनंच घरच्या कंदिलाची काढून घातली होती.

बत्तीवाल्याचं तिनंच सांगितलं. "त्या पोराले मी सोता सांगतलं, का बाप्पा शिडी तुयापाशी हाये, लावल्यावर तूच काढून ठेवत जा. थो म्हने, लावाचा पगार खातो, काढाचं काम मी नाई करत. मंग त्याच्या मायनं आकडी आनली." आणि मुलाकडे बोट करून म्हणाली, "त्याची नोकरी खाशीन तं मी तुया घरचं पानी नाई पिणार."

जिनिंगमागच्या त्या जागेतही वस्तीच्या बायका एका बाजूला आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला जात, ती वाटणी तिथेही सुटली नव्हती. पण उजेड पडला तेव्हा तो सगळ्यांवर सारखाच पडला. सभागृहातल्या एकाही माणसानं ठराव करताना ती जागा डोळ्यांपुढे आणली नव्हती. आणणार कशी? सभ्य पुरुषानं तिकडे पाहायचंच नाही, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत. ज्या जागेकडे कोणी पाहत नाही, ती पालिकेच्या लेखी रिकामी पडीक जागा ठरली.

कोडं सुटलं होतं, पण पेच तसाच होता. सभेत काय सांगायचं? बायकांची नावं घ्यायची तर गावात त्यांना मान वर करता येणार नाही. नावं न घ्यावीत तर पोराची नोकरी जाणार. सभेआधी अध्यक्षांनी मला गाठलं आणि अजिजीनं विनवलं की घरचं बाहेर काढू नका. मी म्हणालो, मी कोणाचं नाव घेणार नाही, पण तो पोरगा चोर नाही हे मात्र सांगणार. पुढचं तुम्ही पाहा.

सभा दुपारी भरली. बत्तीवाला दाराबाहेर उभा होता. शिडी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती, परत करायची म्हणून धुऊन आणली होती. मी उठून सांगितलं की तपासात बत्तीवाल्याविरुद्ध काही मिळालेलं नाही. वकिलांनी उलटतपासणी करावी तसं विचारलं, मग चोर कोण? मी म्हणालो, ते सांगता येत नाही. सभागृहात हशा पिकला. वकील म्हणाले, ठाणेदारांनाच ठाऊक नसेल तर ठराव मांडतो. त्यांनी पोराला आत बोलावलं आणि शेवटचं विचारलं. अध्यक्षांच्या आईचं नाव घेतलं असतं तर त्या क्षणी तो सुटला असता, वकिलांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. तो अध्यक्षांकडे एकदा पाहून म्हणाला, "मी सांगणार नाई."

वकिलांनी हात वर करायला सांगितले. काही हात वर गेलेही. मी अध्यक्षांकडे पाहत होतो. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठले.

"कंदील माया मायनं काढले," ते म्हणाले.

वर गेलेले हात तसेच राहिले. वकील हसायला लागले होते. अविश्वासाचा ठराव न मांडताच पास झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर आला होता. हसत हसतच त्यांनी विचारलं, "कुठून काढले?"

"जिनिंगमागून. दिवेलागणीले. बायाइसंगं गेली होती."

वकिलांचं हसू थांबलं. एवढा हुशार माणूस, पण त्यांनाही समजायला थोडा वेळ लागला. मग कोणीतरी खाकरलं. त्याच्या शेजारचा खाकरला. एकेक करून सारं सभागृह खाकरायला लागलं आणि जो तो भिंतीकडे, छताकडे, खिडकीबाहेर पाहू लागला. आम्ही चौघे त्या संध्याकाळी उभे होतो, तसेच ते सारे बसले होते. वकील खाली बसले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "आमची बुढीबी तिकडंच जाते."

त्या सभागृहातला दुसरा एकमताचा ठराव तेव्हा झाला. तीन खांब जिनिंगच्या रस्त्यावर हलवावेत, भिंतीमागे आडोशाला तुराट्यांचा कूड तातडीनं घालावा, बत्तीवाल्याला कामावर घ्यावं. कारण काय लिहायचं यावर बरीच चुळबुळ झाली. शेवटी 'जनतेच्या सोयीसाठी' असं लिहिलं. मीही गैरसमजातून फिर्याद, असा अहवाल पाठवून प्रकरण बंद केलं. वरिष्ठांनी कसला गैरसमज म्हणून विचारलं नाही.

काही दिवसांनी संध्याकाळी बत्तीवाला ठाण्यासमोरचा दिवा लावायला आला. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. त्याला हाक मारली आणि मनात राहिलेलं विचारलं. चारचौघांत नको होतं, हे समजू शकतो. पण ठाण्यात, माझ्या एकट्यापाशी सांगायला काय हरकत होती? नोकरी जात होती तुझी.

तो शिडीवर होता. काच पुसता पुसता म्हणाला, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी बंदोबस्त लावला असता, साहेब. मंग त्या दिवसापासून अख्खं गाव तिकडंच पाह्यत राह्यलं असतं."

त्यानं कंदील टांगला, शिडी खांद्यावर घेतली आणि पुढच्या खांबाकडे गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत बसलो.

पुढे मी अनेक ठाण्यांत काम केलं, खात्यानं मला वर चढवलं. हाताखालच्या अधिकाऱ्यांचे पंचनामे तपासायला येऊ लागले. त्यात पुष्कळदा ते वाक्य असे: घटनास्थळी कोणीही आढळले नाही. नवीन पोरं ते सवयीनं लिहीत. मी कागद परत करायचो आणि विचारायचो, तेव्हा तुमची पाठ कोणाकडे होती?